समुद्राखालच्या केबलला वाली कोण?



सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, आखाती देशांत इंटरनेट रेंगाळले. दोन-चार दिवस बातम्या आल्या, सेवा पूर्ववत झाली, चर्चा थांबली. ती थांबायला नको होती. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक इंटरनेट वाहतूक समुद्रतळावरच्या केबलमधून होते. उपग्रह तिचा भार पेलू शकत नाहीत. बँकांचे व्यवहार, आयटी कंपन्यांचे काम, सरकारी संदेश, सारे याच वाटेने जाते. तरीही आपल्याकडे हा विषय प्रामुख्याने दूरसंचार परवान्यांच्या चौकटीत पाहिला जातो. तो परराष्ट्र धोरणाचा आणि संरक्षणाचा विषय आहे, आणि सरकारने तो तसाच हाताळला पाहिजे.

यातली कायद्याची बाजू किती लंगडी आहे, हे ‘ईगल एस’ प्रकरणाने दाखवून दिले. २५ डिसेंबर २०२४ रोजी या तेलवाहू जहाजाने फिनलंडच्या आखातात नांगर सुमारे ९० किलोमीटर फरफटत नेला. एक वीजवाहिनी आणि चार दूरसंचार केबल निकामी झाल्या. फिनलंडने जहाज ताब्यात घेऊन कॅप्टन आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. नुकसान प्रादेशिक समुद्राबाहेर झाले, त्यामुळे खटला चालवण्याचा अधिकार जहाजाची नोंदणी असलेल्या ध्वजदेशाला, म्हणजे कुक बेटांना, किंवा आरोपींच्या मायदेशांना आहे, असे न्यायालयाने म्हटले. हे मायदेश म्हणजे जॉर्जिया आणि भारत. कृत्य जाणूनबुजून केले होते की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. ज्याचे नुकसान झाले, तो देश हात चोळत बसला.

हे दुखणे जुने आहे. समुद्रातल्या तारांच्या संरक्षणासाठीचा पहिला करार पॅरिसमध्ये १८८४ साली झाला. त्याच्या आधारे १९५९ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने न्यूफाउंडलंडजवळ केबल तोडल्याच्या संशयावरून एका सोव्हिएत ट्रॉलरची तपासणी केली, पण त्यापुढची कारवाई सोव्हिएत संघाच्या मर्जीवर राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानेही खुल्या समुद्रातल्या शिक्षेची जबाबदारी मुख्यतः ध्वजदेशावरच टाकली. मालक एका देशातला, ध्वज दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याचे, अशी जहाजे सर्रास फिरत असताना ही व्यवस्था पुरी पडत नाही.

यावर आक्षेप येईल, की जगात दरवर्षी केबलचे दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारीने किंवा नांगराने होतात, मग एवढा बाऊ कशाला? पण अपघात नेहमीचे असल्यामुळेच घातपात त्यांच्या आड सहज लपतो. शिवाय केबलवर नेम धरावाच लागतो असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने ‘रुबीमार’ जहाज निकामी झाले. वाहवत जाताना त्याच्या नांगराने लाल समुद्रातल्या तीन केबल तोडल्या, असा अंदाज आहे. कारण कोणतेही असो, केबल लवकर जोडता येणे हाच पहिला बचाव ठरतो.

तिथेच आपण कमी पडतो. आपल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय केबल मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात, आणि मुंबईतल्या बऱ्याचशा वर्सोव्याच्या जेमतेम काही किलोमीटरच्या पट्ट्यात. दुरुस्तीसाठी परदेशी जहाजांची वाट पाहावी लागते, वर परवानग्यांचा वेळ वेगळा. भारतीय ध्वजाची दुरुस्ती जहाजे हवीत आणि या सेवेला अत्यावश्यक दर्जा द्यावा, असे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने जून २०२३ मध्येच सुचवले होते. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने दूरसंचार यंत्रणेला ‘महत्त्वाची पायाभूत सुविधा’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार केंद्राला दिला. तो वापरावा, आणि नव्या केबल कोकणासह इतर किनाऱ्यांवर विखराव्यात.

ऑस्ट्रेलियाने सिडनी आणि पर्थजवळ केबलसाठी संरक्षित पट्टे आखले आहेत. आपणही आखावेत, मात्र कोळी बांधवांना विचारात घेऊनच. त्यांचे मासेमारीचे क्षेत्र गेले तर रोख भरपाई द्यावी आणि केबल कुठून जाते याचे नकाशे त्यांच्या हाती द्यावेत. समुद्रात रोज जाणारा माणूस संशयास्पद जहाज तटरक्षक दलाच्या आधी पाहतो. त्याला संशयित ठरवण्यापेक्षा सोबती करणे शहाणपणाचे आहे.

आणि जगासमोर भारताने स्वतःचा प्रस्ताव ठेवावा. केबल तुटल्यास ज्या देशाचे नुकसान झाले त्याला तपासाचा आणि खटल्याचा अधिकार मिळावा. नुकसानभरपाई जहाजमालकाकडून वसूल व्हावी आणि त्यासाठी विमा सक्तीचा असावा. खलाशांना न्याय्य सुनावणी आणि मायदेशाच्या वकिलातीची मदत मिळावी. रत्नागिरी-रायगडपासून केरळपर्यंतची हजारो मुले परदेशी ध्वजाच्या जहाजांवर नोकरी करतात. मालक कागदी कंपन्यांच्या आड राहतो आणि कोठडीत जातो तो खलाशी. केबलही आपल्या आणि खलाशीही आपले, म्हणून दोघांना न्याय देणारा नियम मांडण्याचा अधिकार भारताइतका थोड्याच देशांना आहे. परराष्ट्र मंत्रालयाने हा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत आणावा आणि त्याबाबत संसदेत निवेदन करावे.

– एक वाचक, अंधेरी (पश्चिम), मुंबई