इंजिन रुळावर असतं तोवर त्याचं वजन माहीत असतं

गंगाखेडला जाताना गोदावरीच्या पुलावर आलं की रेल्वेचा पूल दिसतो. त्या पुलावरून किती वजनाचं इंजिन, किती वेगानं न्यायचं हे रेल्वेच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हरला ते ठाऊक असतं. आपण ज्या पुलावर उभे असतो त्याचं काय?

आता तेच इंजिन ट्रेलरवर टाकून रस्त्यानं न्यायचं म्हटलं तर? हसू नका. मेट्रोचे डबे, ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीची पाती, सगळं रस्त्यानंच फिरतंय. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचं. सहा एक्सल, म्हणजे एकेकावर साडेवीस टन. ट्रकला चार टायरच्या एका एक्सलवर साडेअकरा टन चालतात, तेही २०१८ मध्ये मर्यादा वाढवल्यावर. म्हणून मग शंभराच्या वर चाकांचा ट्रेलर लावतात. चाकं वाढली की डांबर वाचतं हो, पण पुलाचं गणित वेगळं. दोन खांबांमधल्या एकाच गाळ्यावर इंजिन अधिक ट्रेलर असं सगळं ओझं आलं, तर ते त्या गाळ्यालाच पेलायचंय.

मध्य प्रदेशात हे घडलंय. १० एप्रिल २०२२. भोपाळ-नागपूर महामार्गावर इटारसीजवळचा सुखतवा नदीचा ब्रिटिशकालीन पूल, १३८ चाकांचा ट्रेलर वर असतानाच कोसळला. अवजड यंत्र हैदराबादहून इटारसीला चाललं होतं. म्हणजे वाटेत आपल्या महाराष्ट्रातले पूलही त्यानं ओलांडलेच असणार! ते टिकले, एवढंच.

नियम नाहीत असं नाही. अशा गाडीनं पुलावर ताशी ५ किलोमीटरनं, मधोमध, ब्रेक न मारता जायचं आणि तेव्हा दुसरी कुठलीच गाडी पुलावर नको, असं केंद्राच्या सूचनांत आहे. आता उसाच्या सीझनमधला आपला रस्ता आठवा. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, वाळूचे हायवा, एसटी, मधेच शिरणारे ऑटो. पूल रिकामा करणार कोण?

खरं सांगायचं तर मला इंजिनाची भीती कमी वाटते. ते आलं तर कधीतरी, परवानगी घेऊन, पुढं-मागं माणसं ठेवून येईल. हायवा रोज रात्री येतो, बिनकागदाचा. एक्सलवर २० टक्के वजन जास्त टाकलं की रस्त्याची झीज जवळपास दुप्पट होते, असा इंजिनियर लोकांचा जुना ठोकताळा आहे. इथं २० टक्क्यांवर कोण थांबतंय?

महाडला सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसट्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीनं आपल्याकडं काय केलं ते सांगायला नको. त्या पुरानंतर जिल्ह्यातल्या पुलांचे पाये कुणी बघितले असतील तर अहवाल तहसीलच्या भिंतीवर लावा. प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांना, किती टन चालतं, एवढा आकडा रंगवा. मी माहिती अधिकारात हेच दोन प्रश्न टाकतोय. जिंतूर, पाथरी, पूर्णा, पालम, आपल्याकडं कुणाला असा बोर्ड दिसला असेल तर फोटो टाका. मला आजवर एकही दिसलेला नाही.