मोजा तेवढाच, मुलं मोठी

इंग्लंडात संसार थाटलेल्या मैत्रिणींनो, नाताळच्या आदल्या रात्री पलंगाला मोजा टांगायची तिथली रीत तुमच्याही मुलांनी उचलली असेलच. मोज्याच्या टोकाशी संत्रं हवंच. तीन वर्षांखालच्या बाळाला मात्र नाणी, गोट्या नकोत, आणि पाच वर्षांखालच्याला अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. बटणाएवढ्या बॅटरीचं खेळणं तर नकोच नको. गिळली, तर दोन तासांत अन्ननलिका भाजते! सात-आठ वर्षांच्याला खडू, पत्त्यांचा कॅट पुरे. खरी पंचाईत चौदाव्या वर्षी. ‘मी काय कुक्कुलं बाळ आहे?’ म्हणत लेक नाक मुरडते. तरी मोजा बंद करू नका बरं का! केसांच्या पिना, चांगलंसं पेन, आवडतं चॉकलेट घाला. धाकट्याचा मोजा फुगलेला आणि आपला नुसताच लोंबतोय, याचं तिला काय वाटलं ते ती बोलायची नाही.