उलाळ गाडी

जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत क्वेबेकमधल्या बांधकाम-कामगारांना सुट्टी असते, आणि त्यांच्याबरोबर निम्मा प्रांत सुट्टीवर निघतो. आमच्या ब्रॉसार्डहून पूर्वेला जाणाऱ्या १० नंबरच्या हायवेवर तेव्हा अक्षरशः घरं चाललेली दिसतात. पलंग, शेगडी, संडास असं सगळं असलेली कॅरव्हान, आणि पुढे तिला ओढणारी एखादी बिचारी एसयूव्ही!

आम्हीही एक जुनी कॅरव्हान घेतली. गाडीच्या मागे ती अडकवायला पोलादी चौकट असते, तिला हिच म्हणतात. त्यावरच्या लेबलावर दोन ओळी होत्या : साधं ओढायचं तर ५००० पौंड, वजन वाटून देणाऱ्या पट्ट्या लावल्या तर १००००. दुकानदार म्हणाला, "पट्ट्या लावा, दहा हजार ओढेल." मी इंजिनिअर असूनही मान डोलावली. गाडीच्या पुस्तकात मात्र काहीही केलं तरी ५०००च होते. हिच, गोळा, गाडी यांतला सगळ्यात लहान आकडा खरा, बाकीचे शोभेचे.

या पट्ट्या करतात काय? समजा कॅरव्हानचा दांडा मागच्या आसापासून दीड मीटरवर ३०० किलोने खाली दाबतोय, आणि गाडीच्या दोन आसांत तीन मीटर अंतर आहे. मग पुढच्या चाकांवरचं १५० किलो वजन उचललं जातं, मागच्यांवर ४५० वाढतं. स्टिअरिंग हलकं, ब्रेक अशक्त. पट्ट्या हिचला उलटा पीळ देऊन त्यातलं काही वजन पुढे ढकलतात. हा सगळा पीळ दोन इंची चौकोनी नळी आणि तिचे वेल्डिंगचे सांधे सोसतात. त्यात इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ! गंजलेल्या हिचवर पट्ट्या आवळणं म्हणजे दुखऱ्या कमरेवर पोतं. काही गाड्यांच्या पुस्तकात तर अशा पट्ट्या लावायला सरळ मनाई असते.

पण मला धडा मिळाला तो वेगळाच. ब्रोमाँच्या उतारावर कॅरव्हानची शेपटी हलू लागली. आधी थोडी, मग लेनभर. मागे दोन्ही मुलं झोपलेली. ब्रेकवर पाय न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, चाक सरळ धरलं आणि कॅरव्हानचे ब्रेक हाताने लावले, म्हणून वाचलो.

रात्री सांगलीला आबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "मागं काय भरलं हुतंस?"

चार सायकली आणि भरलेली पाण्याची टाकी.

"मग उलाळच भरलीस की रं!"

बैलगाडी मागे जड झाली की दांडी वर उचलते, तिला आमच्याकडे उलाळ म्हणतात. फार पुढे भरली तर बैलांच्या मानेवर ओझं. हे आमच्या गाडीवानांना लेबल न वाचता ठाऊक होतं. घरी आल्यावर बाथरूममधला वजनकाटा दांड्याखाली ठेवला : ११३ किलो. कॅरव्हान १९०० किलोची, म्हणजे जेमतेम ६ टक्के. हवेत १० ते १५. उलाळ गाडीला कुठलीही पट्टी वाचवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की "किती ओढेल?" हा प्रश्नच अर्धवट आहे. ओढलेलं वळवता येईल का, थांबवता येईल का, ते विचारायला हवं. इथे भरलेला ट्रेलर १३०० किलो किंवा जास्त झाला की त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतो, त्यांना सहसा ब्रेक नसतात. चढाला पुढची चाकं हवेत गेली की लोक शिट्ट्या मारतात, मोबाइलवर शूटिंग करतात. मंडळी, ज्या चाकांनी वळायचं तीच जमिनीवर नाहीत, यात कौतुक कसलं? मागून येणाऱ्या मोटरसायकलवर कुणाची तरी पोरं असतात.