कार्ड थांबेल, एसएमपीएस नाही



गेल्या अंकातील घरच्या घरी संगणक जोडण्याविषयीचा लेख उपयुक्त होता; पण ‘निम्मे बजेट ग्राफिक्स कार्डला द्या आणि कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसवर भागवा’ हा सल्ला काही पटला नाही.

प्रत्येकाला गेम खेळायचे नसतात. टॅली, ऑनलाइन वर्ग, थोडेफार फोटोंचे काम एवढ्यासाठी अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी पुरतो. वाचलेले पैसे एसएसडी आणि १६ जीबी रॅमकडे वळवावेत. रॅमही ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. अंगभूत ग्राफिक्स त्याच रॅमवर चालते, म्हणून दोन चॅनेलचा फायदा लगेच जाणवतो.

इंटेल घेणाऱ्यांनी नावातले शेवटचे अक्षर जरूर पाहावे. ‘एफ’ असेल तर अंगभूत ग्राफिक्स नाही. चार पैसे वाचल्याच्या आनंदात लॅमिंग्टन रोडवरून मी तसाच एक आणला होता. घरी पंखे गरगरले, पडदा मात्र काळा तो काळाच! चूक माझीच.

आता एसएमपीएस. खोक्यावरच्या ‘४५० वॅट’ला भुलू नये, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचावे. १८ असतील तर हिशेब जेमतेम २१६ वॅटचा, आणि प्रोसेसर व कार्ड मुख्यतः तिथूनच वीज ओढतात.

कार्ड पुढच्या दिवाळीतही बसवता येईल. हलक्या एसएमपीएसने मदरबोर्ड जाळला, तर दिवाळीआधीच शिमगा!

– एक वाचक, डोंबिवली