मास्तरांचे वकीलपत्र

गेल्या चैत्रात आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या सभेपुढे एक ठराव आला होता. अग्रशाळेच्या माडीवर आठवड्यातून तीन दिवस मुलामुलींना गायनवादन शिकविण्यासाठी एक शिक्षक नेमावा, इतकाच त्याचा आशय. ठराव पडला. ठराव पडतात, याची वकिली करणाऱ्याला सवय असते; परंतु ज्या एका वाक्याने तो पडला ते वाक्य अद्याप माझ्या मनातून जात नाही. एक वजनदार गृहस्थ उठून म्हणाले, "अहो, ज्याला मैफल जमत नाही तो शिकवण्या धरतो. त्याला देवाच्या पेटीतला पैसा कशाला?" सभा हसली आणि त्या हसण्यातच मतदान होऊन गेले. ज्या मास्तरांचे नाव सुचविले होते ते कैक वर्षे आमच्याच उत्सवात साथीला बसत आले आहेत. त्या वेळी ते खाली चौकात उभे होते.

त्या वाक्याची उलटतपासणी सभेत व्हावयाची राहिली, ती येथे करतो. साक्षीदार मुद्दामच दूरचा आणीत आहे. जवळचा आणला की त्याचे गाव आणि घराणे यांचीच चर्चा सुरू होते.

व्हायोला हे वाद्य आपल्याकडे फारसे परिचित नाही. ते व्हायोलिनचे थोरले भावंड. तसेच हनुवटीखाली धरून वाजवितात, पण त्याचा स्वर एका पंचमाच्या अंतराने खाली. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ठळक सुरावट बहुधा व्हायोलिनकडे, तळ चेलोकडे आणि मधली भर व्हायोलाकडे. अशा मधल्याला नाव कोण देणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात समजूत अशी होती की, ज्याला व्हायोलिन नीट जमत नाही त्याच्या हाती व्हायोला द्यावा. आमच्या गृहस्थांचे वाक्य किती जुने आणि किती लांबून आलेले आहे ते पाहा!

या समजुतीविरुद्ध ज्या माणसाने आयुष्यभर फिर्याद चालविली त्याचे नाव लायोनेल टर्टिस. जन्म इंग्लंडात, 1876 चा. वडील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात स्तोत्रे गाणारे, घरची गरिबी. लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये व्हायोलिन शिकत असता चौघांच्या वादनसंचाला व्हायोला वाजविणारा कोणी मिळेना, म्हणून 1895 च्या सुमारास एका सहाध्यायाने त्यांना गळ घातली. रिकामी जागा भरण्यासाठी हातात घेतलेले वाद्य त्यांनी मग सोडले नाही. ते शिकविणारा खरा जाणकार नव्हता, तेव्हा बव्हंशी स्वतःच स्वतःचे गुरू झाले, आणि पुढे त्याच संस्थेत व्हायोलाचे अध्यापक.

आता प्रश्न असा की, त्यांना मैफल जमत नव्हती म्हणून ते शिकवीत होते काय? युरोपातील आणि अमेरिकेतील सभागृहे याचे उत्तर देतील. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच मुद्दा. व्हायोलासाठी स्वतंत्र रचनाच फार थोड्या होत्या. टर्टिस यांचे वादन ऐकून आर्नल्ड बॅक्स यांनी लिहिले, वॉन विल्यम्स यांनी लिहिले. एल्गार यांची चेलोची मैफलरचना त्यांनी रचनाकाराच्या संमतीने व्हायोलासाठी बसविली; तिला कोणी उसना दागिना म्हणाले तर म्हणोत, लग्नघरात उसना दागिनाही अंगावर शोभतो. पण रचना झाल्या तरी त्या वाजविणार कोण? एकटा माणूस किती गावे फिरेल? म्हणून शिष्य हवेत. त्यांच्या बाबतीत मैफल आणि शिकवणी ही एकाच नांगराची दोन बैले होती.

त्यांच्या शिष्या रिबेका क्लार्क यांनी 1919 साली व्हायोला आणि पियानो यांसाठी एक सोनाटा लिहिला. अमेरिकेतील एका स्पर्धेत सत्तरांहून अधिक रचना आल्या होत्या. त्यांत तो अर्न्स्ट ब्लॉख यांच्या रचनेच्या बरोबरीने पहिला आला आणि केवळ निर्णायक मताने दुसरा ठरला. एका बाईने हे लिहिले असेल यावर काहींचा विश्वासच बसेना. आज जगभरचे व्हायोलावादक तो सोनाटा वाजवितात.

वाद्याची अडचणही वेगळीच. स्वर जितका खाली तितकी पेटी मोठी हवी. व्हायोलिनच्या सुमारे चौदा इंचांच्या हिशेबाने व्हायोला एकवीस इंचांचा व्हावयास पाहिजे. तेवढे धूड हनुवटीखाली कोण धरील? लहान केला तर आवाज नाकातून येतो. टर्टिस यांनी कारागिराबरोबर बसून पावणेसतरा इंचांचा घाट ठरविला. हा खटाटोप स्वतःपुरते पाहणारा कलावंत कशाला करील?

माझ्या साक्षीदाराच्या विरुद्ध जाणारी गोष्टही मीच सांगतो, नाहीतर प्रतिपक्ष सांगेल. 1929 साली तरुण विल्यम वॉल्टन यांनी आपली नवी व्हायोला-रचना त्यांच्याकडे पाठविली आणि टर्टिस यांनी ती परत केली. नव्या धाटणीची होती, रुचली नाही. पहिले वादन पाउल हिंडेमिट यांनी केले. टर्टिस ते ऐकावयास गेले, आपण चुकलो हे त्यांनी कबूल केले, आणि पुढे तीच रचना स्वतः वाजविली. शिकविणाऱ्याची खरी परीक्षा मला येथे दिसते. आमच्या सभेत आजवर किती जणांनी आपली चूक इतिवृत्तात नोंदवून घेतली आहे?

यावर कोणी म्हणेल, हा अपवाद झाला, आणि तोही विलायतेतला. मग घरचा दाखला घ्या. गजाननबुवा जोशी (1911–1987) गात, व्हायोलिन वाजवीत, आणि शिकवीतही. उल्हास कशाळकर हे त्यांचेच शिष्य. बुवांना मैफल जमत नव्हती असे म्हणण्याची आमच्या त्या गृहस्थांची छाती आहे काय?

खरी गोम पैशाची नाही, नजरेची आहे. उत्सवाच्या पत्रिकेत गवयाचे नाव जाड अक्षरांत असते आणि खाली ‘साथ : नेहमीचे’ असे छापतात. बारा महिने ज्याच्या बोटांवर आमचा सप्ताह उभा राहतो त्याला छापखान्यात दोन शब्दांची जागा मिळत नाही. आणि त्याचाच हात धरून मुले पुढे यावीत असे म्हटले की सभा हसते. बाहेरून येणाऱ्या गवयाला एका रात्रीची जी बिदागी आम्ही आनंदाने देतो, तिच्याहून मास्तरांचे महिन्याचे प्रस्तावित मानधन कमी होते. हा हिशेब मी ताळेबंद पाहून सांगत आहे.

टर्टिस 1975 साली, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन वारले. 1980 साली आयल ऑफ मॅन बेटावर त्यांच्या नावाने व्हायोलावादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ज्या वाद्याला कोणी विचारीत नव्हते, ते घेऊन देशोदेशींचे तरुण तेथे आले.

मी पुढील सभेसाठी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. शिक्षकाचा ठराव पुन्हा घ्यावा, ही एक. पत्रिकेत साथीदारांची नावे छापावीत, ही दुसरी. दुसरीला अनुमोदक मिळाला. पहिलीला अजून मिळावयाचा आहे.