विश्रांतीचा रकाना

परवा रात्री पनवेलच्या पेढीवरून घरी परतलो, तेव्हा चिरंजीव संगणकावर ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळत होता. १९९२ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’पासून वाढत आलेल्या या ब्रिटिश खेळात स्वतः चेंडू मारायचा नसतो, संघ घडवायचा असतो. आठवड्याच्या तक्त्यात दिवसाला तीन सत्रांपर्यंत सराव नेमता येतो.

मी म्हणालो, “रिकामे रकाने भरून टाक.”

“पप्पा, ती विश्रांती आहे. सराव अति झाला की खेळाडू थकतात, जायबंदी होतात.”

समोरच्या भिंतीवर मीच आखलेले त्याचे वेळापत्रक होते : शाळा, शिकवणी, रविवारी चाचणी. एकही रकाना रिकामा नव्हता.

रविवारचा रकाना मी त्याच रात्री कोरा केला. वाचकहो, आपल्या घरातील तक्ताही एकदा पाहावा.