विश्लेषण : एका रात्रीचा हॅलोविन अमेरिकी पार्कमध्ये दोन महिने का चालतो?

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. पण अमेरिकेतील मोठ्या मनोरंजन पार्कमध्ये भुताखेतांचा मुक्काम ऑगस्टअखेरीसच पडतो. हा हंगाम एवढा का लांबला आणि खोटी भीती विकताना खरा धोका कसा टाळला जातो, याविषयी...

सुरुवात कधी झाली?

कॅलिफोर्नियातील ‘नॉट्स बेरी फार्म’ने १९७३ मध्ये हॅलोविननिमित्त पार्क भुताटकीने सजवला. फ्लोरिडात ऑर्लँडो येथील ‘युनिव्हर्सल’ने १९९१ मध्ये असाच प्रयोग केला, तो अवघ्या तीन रात्रींचा. पुढच्या वर्षी त्याचे ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ असे नामकरण झाले. २०२५ मध्ये तो २९ ऑगस्ट ते २ नोव्हेंबरदरम्यान ४८ रात्री चालला.

आर्थिक गणित काय?

उन्हाळी सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की पार्कमधील गर्दी ओसरते. देखभालीचा खर्च मात्र थांबत नाही. हॅलोविनने ही पोकळी भरून काढली. ‘हॉरर नाइट्स’ला दिवसाचे तिकीट चालत नाही, रात्रीचे वेगळे घ्यावे लागते. शनिवारी दर चढा असतो आणि लांबलचक रांग टाळायची तर एक्स्प्रेस पासचे पैसे निराळे. म्हणजे एकाच जागेतून दिवसातून दोनदा कमाई! डिस्नीने १९९५ पासून लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सौम्य हॅलोविन पार्टी सुरू करून तोही ग्राहक मिळवला.

खरा धोका कोणता?

अंधार, धूर, अरुंद वाटा आणि गोंधळलेली माणसे. भीतीसाठी जे हवे, तेच आगीत जीवघेणे ठरते. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतील ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर’ पार्कमधील ‘हाँटेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीनांचा मृत्यू झाला. ट्रेलर जोडून उभारलेल्या त्या भूतबंगल्यात पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. आज अशा वास्तूंसाठीच्या अग्निसुरक्षा संहितेत फवारे आवश्यक आहेत. धोक्याची सूचना मिळताच दिवे उजळले पाहिजेत आणि भीतिदायक आवाज थांबले पाहिजेत, अशीही तरतूद आहे.

मुलांसाठी नियम का बदलले?

जुलै २०२२ मध्ये हाणामाऱ्यांच्या घटनांनंतर ‘नॉट्स’ने १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत किमान २१ वर्षे वयाची व्यक्ती असण्याची अट घातली. नंतर इतर पार्कमध्येही अशा अटी आल्या. त्यामुळे शिस्त आली. पण मित्रांसोबत, पालकांविना संध्याकाळ घालवण्याची किशोरांची एक जागा आकसली.

भीतीला मर्यादा असावी का?

२०१६ मध्ये ‘नॉट्स’ने मनोरुग्णालयाच्या कल्पनेवर बेतलेला आभासी खेळ आणला. मानसिक आजार असलेल्यांना भयावह ठरवले जात असल्याचा आक्षेप घेतला गेला आणि तो सप्टेंबरमध्येच बंद झाला.

जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

‘हॉरर नाइट्स’ १३ वर्षांखालील मुलांसाठी योग्य नसल्याचे ‘युनिव्हर्सल’च सांगते, तेथे प्रेक्षकांना वेशभूषा आणि मुखवट्यांनाही मनाई आहे. लखलखणारे दिवे आणि कृत्रिम धूर अपस्मार किंवा दमा असलेल्यांना त्रासदायक ठरू शकतात. आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवणे केव्हाही चांगले. भीतीचा आनंद घेता येतो तो सुरक्षिततेची खात्री असली तरच.